जमीन नसलेली 'भूमी' : तोनले साप सरोवरावरील गावांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात कंबोडियातील तोनले साप सरोवरावरच्या प्रेक तोआल या तरंगत्या गावात केलेल्या दोन दिवसांच्या मुक्कामाविषयी मी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी ज्यांत लेखाचे कौतुक करून न थांबता काही विचारलेले आहे, ती येथे घेतली आहेत. अंगकोर वाटची मंदिरे पाहायला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या सहलपत्रिकेत 'दुपारी तरंगत्या गावास भेट' अशी एक ओळ हल्ली बहुतेक वेळा असते. त्या एका ओळीमागे काय आहे हे निघण्यापूर्वीच समजावे, अशी या पत्रलेखकांची इच्छा दिसते.

आम्ही सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. पूर म्हटला की पोटात गोळा येतो. तुम्ही मात्र लिहिता की तिथली माणसे पुराची वाट पाहतात. हे खरे, की लेखकाची कविकल्पना?
*— एक निवृत्त शिक्षक, सांगली*

कविकल्पना नाही. उलट हे समजायला सांगली-कोल्हापूरच्या माणसाला सर्वांत कमी कष्ट पडतील, कारण आपण ज्याला 'फूग' म्हणता तीच तेथे प्रचंड प्रमाणावर घडते. कृष्णा भरून वाहू लागली की नरसोबाच्या वाडीजवळ पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, तटते, मागे फुगत जाते आणि नदीकाठच्या गावांत शिरते. आता पंचगंगेच्या जागी तोनले साप नदी आणि कृष्णेच्या जागी मेकाँग कल्पावी. तोनले साप नदी सरोवरातून निघून सुमारे १२० किलोमीटर वाहत नॉम पेन्ह या राजधानीपाशी मेकाँगला मिळते. पावसाळ्यात मेकाँगची पातळी एवढी चढते की नदीचे पाणी नुसते तटून राहत नाही. ते दिशा बदलून उलटे, सरोवराकडे वाहू लागते. साधारणतः मे-जूनच्या सुमारास हा उलटा प्रवाह सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नदी पुन्हा सरळ होते.

या काळात सरोवराचे काय होते, हे आकड्यांनी सांगायचे तर उन्हाळ्यात सुमारे २,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याएवढे असलेले आणि जेमतेम पुरुषभरही खोल नसलेले पाणी भर पुराच्या वर्षी १५,००० चौरस किलोमीटरपर्यंत पसरते. एवढे क्षेत्र म्हणजे आपला सोलापूर जिल्हा. खोली आठ-नऊ मीटरपर्यंत जाते. काठाचे रान शेंड्यापर्यंत पाण्यात बुडते आणि तसेच काही महिने उभे राहते. चिनी दूतमंडळाबरोबर १२९६ साली अंगकोरला आलेल्या चौ ता-कुआनने आपल्या वृत्तांतात या सरोवराची मोठमोठी झाडे बुडून नुसते शेंडे दिसतात, असे लिहून ठेवले आहे. सातशे वर्षांनी होडीतून जाताना मीही तेच पाहिले, आणि ज्या फांदीला हात लावून आमची होडी वळवली ती फांदी उन्हाळ्यात डोक्यावर तीन माणसे उभी राहतील एवढ्या उंचीवर असते, हे नावाड्याने सांगेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

सांगलीचा पूर आणि हा पूर यांत फरक दोन. पहिला वेगाचा. आपल्याकडे इशारा पातळीपासून धोका पातळीपर्यंत पाणी एका रात्रीत जाते. तेथे ते आठवड्यांच्या हिशेबाने चढते, त्यामुळे पळापळ होत नाही. दुसरा फरक पाण्यातून काय येते याचा. मेकाँगचा गाळ आणि माशांची अंडी-पिल्ले या उलट्या प्रवाहाबरोबर सरोवरात येतात. बुडालेल्या रानात पिल्लांना पाला, फळे, किडे असा आयता चारा मिळतो, मोठ्या माशांपासून लपायला जागा मिळते, आणि पाणी ओसरू लागले की हीच वाढलेली मासळी नदीकडे परत निघते. पूर नाही तर मासा नाही. म्हणून पुराची वाट पाहिली जाते, आणि तो उतरू लागल्याचा उत्सवही होतो. हा 'बोन ओम तूक' नावाचा जलोत्सव ख्मेर म्हणजे कंबोडियातील मुख्य समाजाच्या पंचांगातील कदेउक महिन्याच्या पौर्णिमेला येतो. कदेउक म्हणजे कार्तिक. आपण त्रिपुरारी पौर्णिमेला दीपमाळ लावतो त्याच सुमारास नॉम पेन्हला नदीत लांबलचक नौकांच्या शर्यती चालतात आणि रात्री दिव्यांनी सजवलेले तराफे सोडले जातात, ज्यांना ते 'प्रतीप' म्हणतात. आपल्याला त्यात 'प्रदीप' सहज ऐकू येतो. नदीचे पाणी पादुकांवरून वाहू लागले की वाडीला दक्षिणद्वार सोहळा साजरा करणाऱ्यांनी या उत्सवाचे नवल करू नये.

मात्र एक दुखरी बाजू मागील लेखात राहून गेली होती, ती येथे नोंदवतो. २०१९ आणि २०२० या दोन्ही वर्षी उलटा प्रवाह उशिरा सुरू झाला आणि सरोवर पुरते भरले नाही. कमी पाऊस, वरच्या देशांत मेकाँगवर बांधलेली धरणे आणि खालच्या पात्रातून होणारा वाळूचा उपसा, अशी कारणे एकात एक गुंतलेली आहेत. त्यापूर्वी २०१६ च्या कडक उन्हाळ्यात या बुडणाऱ्या रानाला मोठ्या आगी लागल्या होत्या. आपल्या पोटात गोळा पूर आल्यावर येतो. त्यांच्या पोटात तो पूर न आल्यावर येतो.

आमच्या सहलीत 'कांपोंग फ्लुक हे तरंगते गाव' असे छापले आहे. तुम्ही राहिलात ते गाव वेगळे. नेमके कोणते पाहावे?
*— एक वाचक, पुणे*

कांपोंग फ्लुक पाहण्यासारखे आहे, पण ते तरंगत नाही. तेथील घरे सहा-सात मीटर उंच खांबांवर उभी आहेत. पुरात पाणी अंगणाशी येते, उन्हाळ्यात तीच घरे उंच शिड्या लावलेल्या माच्यांसारखी कोरड्या मातीवर उभी असतात आणि खाली मुले खेळतात. ही स्थिर घरे. पाणी खाली-वर होते, ती होत नाहीत. तरंगते गाव म्हणजे ज्याचे घर बांबूच्या जुड्यांवर, रिकाम्या पिंपांवर किंवा होडीच्याच सांगाड्यावर बसवलेले असते, दोरांनी खुंटाला बांधलेले असते आणि पाण्याबरोबर चढते-उतरते. चोंग क्नेआस, प्रेक तोआल आणि दक्षिणेला पुर्सात प्रांतातील कांपोंग लुओंग ही अशी गावे आहेत.

चोंग क्नेआस सिएम रीप शहरापासून सर्वांत जवळ, सुमारे १५ किलोमीटरवर आहे, आणि तेच त्याचे दुर्दैव आहे. मी पहिल्यांदा कंबोडियाला गेलो तेव्हा एका सहलीबरोबर तेथेच गेलो होतो. आम्हाला चाळीस मिनिटे होडीतून फिरवले, मगरी ठेवलेल्या एका तरंगत्या पिंजऱ्यापाशी उतरवले, त्याच तराफ्यावरील दुकानातून टोप्या घ्यायला लावल्या आणि परत आणले. गाव पाहिले असे मला आजही म्हणता येत नाही. प्रेक तोआल सरोवराच्या वायव्य टोकाला, बट्टमबांग प्रांतात आहे. चोंग क्नेआसहून होडीने तासाभराहून थोडे अधिक लागते. शेजारी पक्ष्यांचे राखीव क्षेत्र असल्यामुळे तेथे येणारा प्रवासी बहुधा पक्षी पाहायला येतो, आणि गावाला स्वतःचा दिनक्रम सोडून त्याच्यासमोर काही करून दाखवावे लागत नाही. घरांमध्ये राहण्याची साधी सोय होते. झोळीचोचे, चित्रबलाक आणि मोठे गरुड ढोक यांच्या वसाहती पाहायच्या असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चनंतर पाणी एवढे उतरते की होडी चिखलात रुतू लागते.

सहलीत बदल करणे शक्य नसेल तर निदान एवढे करावे. सकाळच्या मंदिरदर्शनात बायोन मंदिराच्या बाहेरील भिंतीवरची शिल्पे सावकाश पाहावीत. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या दगडी पट्टीत नौकायुद्धाच्या खाली झाडांच्या खोडांमधून मासे पोहताना कोरलेले आहेत. बघणाऱ्याला ते शिल्पकाराचे स्वैर चित्रण वाटते. दुपारी सरोवरावर गेल्यावर ते जसेच्या तसे समोर दिसते.

पाण्यावर राहून पिण्याच्या पाण्याचे काय? आणि स्वच्छतागृहाचे? लेखात हा विषय सोयीस्करपणे टाळल्यासारखा वाटला.
*— एक वाचक, ठाणे*

आक्षेप योग्य आहे. मी टाळला होता, कारण यजमानांच्या घरचे सगळेच छापायचे नसते असे वाटले होते. पण प्रश्न सरळ विचारला असल्यामुळे सरळ उत्तर देतो.

घराच्या मागच्या बाजूला फळ्यांचा एक ओटा असतो. सकाळी साडेपाचला याच ओट्यावर यजमानीणबाई बसल्या होत्या. डाव्या हाताशी मासे साफ करण्याची पाटी, उजव्या हाताशी कपड्यांची बालदी, पुढ्यात सरोवर. मासे साफ केलेले पाणी पुढे सोडले, तेथूनच दोन हात अंतरावर भांडी विसळली, आणि मग एका मोठ्या मातीच्या रांजणात बादलीने सरोवराचे पाणी भरून त्यात तुरटीचा खडा फिरवला. तुरटी पाहून मला आजोळ आठवले. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की आजी असाच खडा घागरीत गोल फिरवत असे आणि आम्हाला हात लावू देत नसे. तासाभराने गाळ खाली बसतो, वरचे पाणी स्वयंपाकाला घेतात. पिण्यासाठी परवडेल त्याने वीस लिटरचे मोठे डबे विकत घ्यायचे. ते होडीतून घरपोच येतात. ज्यांना परवडत नाही ते तेच पाणी उकळून पितात, आणि सरपण महाग पडले की न उकळताही पितात.

स्वच्छतागृह म्हणजे बहुतेक घरांत मागच्या कोपऱ्यात तीन बाजूंनी पत्रा लावलेली आणि फळीला भोक असलेली जागा. खाली सरोवर. याचा परिणाम काय होतो हे सांगायला डॉक्टर लागत नाही. जुलाबाचे आजार लहान मुलांत कायम असतात, आणि पाणी उतरून साचलेले असते तेव्हा ते अधिक होतात. जलपर्णीच्या मुळांवर वाढणाऱ्या जंतूंकडून मैला शुद्ध करून घेणारी पिंपांची स्वच्छतागृहे काही गावांत बसवण्यात आली आहेत, परंतु बहुसंख्य घरांत ती अजून पोहोचलेली नाहीत.

जमिनीवरचे मलनिस्सारण आपण विसरून जातो, कारण नळी भिंतीत असते. तेथे विसरता येत नाही. एवढे मात्र सांगतो की ज्या घरात मी राहिलो त्या घराची जमीन, म्हणजे पाण्यावरची फळी, दिवसातून तीनदा पुसली जात होती आणि चपला दारातच, होडीतून पाय वर टाकण्यापूर्वी काढाव्या लागत होत्या.

एवढे हाल आहेत तर ही माणसे काठावर येऊन का राहत नाहीत? सवयीमुळे, की सरकार जागा देत नाही म्हणून?
*— एक वाचक, रत्नागिरी*

सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. पहिली गोष्ट अशी की काठ म्हणजे काय, हाच तेथे प्रश्न आहे. रत्नागिरीला भरती-ओहोटीची रेघ ठरलेली आहे. भरती किती वर येईल हे लहान मुलालाही ठाऊक असते. तोनले सापचा काठ वर्षभरात कित्येक किलोमीटर सरकतो. ज्याचे पोट मासेमारीवर आहे त्याने उंच, कायमच्या कोरड्या जागेवर घर बांधले तर उन्हाळ्यात त्याचे जाळे घरापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर जाईल. म्हणून तो घरच पाण्याबरोबर नेतो. उघड्या काठावरील गावे वर्षातून अनेकदा अशी हलतात. मी एका घराचे स्थलांतर पाहिले. दोन होड्यांनी पुढून दोर लावून घर ओढायला घेतले, घरमालक मागच्या कोपऱ्यात लांब बांबू घेऊन उभा, कडेला कुंड्यांतील मिरची आणि गवती चहा, डुकराचा पिंजरा वेगळ्या तराफ्यावर मागे बांधलेला, आणि आत चुलीवर भात शिजत होता, कारण जेवणाची वेळ झाली होती. आपल्याकडे घर बदलताना निदान त्या दिवशी तरी बाहेरून मागवतात. शेजारी मात्र बदलत नाहीत. भावाभावांची, सासर-माहेरची घरे एकाच दोरीला बांधलेली असतात आणि नव्या जागीही त्याच क्रमाने बांधली जातात.

दुसरी गोष्ट मालकीची. तोनले सापच्या पाण्यात ख्मेर, चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी वंशाचे असे तिन्ही लोक राहतात. यातील व्हिएतनामी कुटुंबांपैकी अनेकांच्या कित्येक पिढ्या याच पाण्यावर जन्मल्या. १९७० च्या दशकात त्यांना हाकलण्यात आले, ख्मेर रूज या कम्युनिस्टांच्या क्रूर राजवटीत जे मागे राहिले ते मारले गेले, आणि १९७९ नंतर वाचलेले परत आले तेव्हा त्यांच्याजवळ आपण येथलेच आहोत हे दाखवणारा एकही कागद उरला नव्हता. कागद नाही म्हणून नागरिकत्व नाही, नागरिकत्व नाही म्हणून जमीन विकत घेता येत नाही, मुलांना सरकारी शाळेत घालताना अडचण येते. पाण्यावर कोणाचा सातबारा नसतो, म्हणून ते पाण्यावर आहेत. आपल्या पत्रातील 'सवयीमुळे' हा शब्द त्यांच्या बाबतीत अन्यायाचा ठरेल.

सरकारने जागा दिली तेव्हा काय झाले, तेही पाहायला हवे. २०१८ पासून कांपोंग छनांग शहराजवळील तरंगती घरे आणि २०२१ मध्ये नॉम पेन्ह परिसरातील घरे नदीवरून उठवण्यात आली. पाणी घाण होते, शहराचे रूप बिघडते, ही कारणे देण्यात आली. त्यांतील पहिले अगदीच खोटे नाही. पण ज्यांना काठावर नेले तेथे पाणी आणि रस्ता यांची धड सोय नव्हती, आणि पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्याला पिंजराच ठेवायला जागा नसेल तर त्याने खायचे काय, याचे उत्तर नोटिशीत नसते. धरणग्रस्तांच्या वसाहती पाहिलेल्या कोणत्याही मराठी वाचकाला हे चित्र परके वाटू नये.

मासेमारीच्या हक्कांतही एक बदल झाला. फ्रेंच अमलापासून सरोवराचे उत्तम मासळीचे भाग ठेकेदारांना लिलावाने दिले जात. बाहेरच्या कोळ्याने तेथे जाळे टाकले तर रखवालदार हाकलून देत. २०१२ मध्ये हे ठेके पूर्णपणे रद्द करून काही भाग सर्वांना खुला आणि काही भाग मासळीच्या रक्षणासाठी राखीव करण्यात आला. माझ्या यजमानांना याचा आनंद आहे, परंतु त्यांचे म्हणणे असे की पूर्वी जाळे टाकायला जागा नव्हती आणि मासे होते, आता जागा आहे. वाक्य त्यांनी तेथेच सोडले. पावसाळ्यातील विणीच्या हंगामात तेथेही जूनपासून मोठ्या जाळ्यांवर बंदी असते, जशी ती आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना असते. पाळणारे आणि न पाळणारे यांचे प्रमाणही, ऐकले त्यावरून, आपल्यासारखेच आहे.

जाता जाता एक शब्द सांगतो. ख्मेर भाषेत गावाला 'फूम' म्हणतात. तो लिहिताना मात्र ख्मेर लिपीत 'भूमि' असाच लिहितात, कारण तो संस्कृतातूनच तेथे गेला. तरंगत्या गावालाही हाच शब्द. ज्या गावाजवळ वीतभर जमीन नाही त्याच्या नावाच्या पाटीवर पहिला शब्द 'भूमी' आहे, हे मला कळले तेव्हा मी ती पाटी पुन्हा एकदा वळून पाहिली.

आम्ही पूर्ण शाकाहारी. तेथे एक रात्र राहणे जमेल का? आणि वास सहन होतो का?
*— एक कुटुंब, नाशिक*

जमेल, पण स्पष्ट सांगून ठेवावे लागेल. भात भरपूर मिळतो. पालेभाजीत तेथे जलपर्णीवर्गातील काही वनस्पती आणि कळंबीची भाजी असते. कळंबी आपल्याकडेही तळ्याकाठी उगवते. लसूण घालून परतलेली ती उत्तम लागते. अडचण 'प्राहोक'ची आहे. लहान मासे ठेचून, मीठ घालून महिनोन्‌महिने मुरवलेला हा लगदा आहे आणि आपल्या आमटीत हिंग पडते तितक्या सहजपणे तो प्रत्येक पदार्थात पडतो. 'मासा नको' एवढे सांगितल्यावर माशाचे तुकडे काढले जातील, प्राहोक राहील, कारण यजमानांच्या लेखी ते मीठमसाल्यात मोडते. तेव्हा 'प्राहोकही नको' हे वेगळे सांगावे. वासाविषयी, ज्यांनी सुक्या बोंबलाच्या किंवा जवळ्याच्या बाजारातून एकदा तरी फेरी मारली आहे त्यांना काही वाटणार नाही. इतरांनी पहिल्या दिवशी वाऱ्याच्या बाजूला बसावे. दुसऱ्या दिवशी नाकाला फरक कळेनासा होतो.

आणि सरोवराच्या नावाने घाबरू नये. ख्मेरमध्ये 'तोनले' म्हणजे मोठी नदी आणि 'साप' म्हणजे खारट नसलेले, गोडे पाणी. आपल्या सापाशी त्याचा संबंध नाही. अर्थात, पाणसाप तेथे अतोनात पकडले जातात आणि पाळलेल्या मगरींना घातले जातात, हेही खरे आहे. पण ते जेवणाच्या ताटापर्यंत विचारल्याशिवाय येत नाहीत.

चित्रफितींमध्ये तेथील लहान मुले गळ्यात साप घालून, पत्र्याच्या घमेल्यात बसून पैसे मागताना दिसतात. त्यांना पैसे द्यावेत का? आणि लोकांच्या घरात डोकावून छायाचित्रे काढणे मला विचित्र वाटते. मग जावेच का?
*— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर*

पैसे देऊ नयेत. हे कठोर वाटेल. पण ज्या दिवशी घमेल्यातले मूल मोठ्या होड्यांच्या लाटांमध्ये हात पसरून वडिलांच्या दिवसभराच्या मासळीपेक्षा अधिक कमावते, त्या दिवशी त्याची शाळा सुटते. तेथील शाळा सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत भरतात, त्यामुळे एखादे मूल सकाळी पाण्यावर दिसले म्हणून ते शाळेत जात नाही असा निष्कर्ष काढू नये. पण साप गळ्यात घालून प्रवाशांच्या होडीशी चिकटलेले मूल कोणत्या पाळीत बसते, हा प्रश्न रास्त आहे.

तांदळाचेही सांगतो. पहिल्या भेटीत आमच्या नावाड्याने होडी एका दुकानापाशी थांबवली आणि पलीकडील अनाथ मुलांच्या शाळेसाठी तांदळाचे पोते घ्या, असा आग्रह धरला. किंमत सिएम रीपच्या बाजाराच्या दुपटीहून अधिक होती. आमच्यातील दोघांनी पोते घेतले, शाळेत नेऊन दिले, मुलांबरोबर छायाचित्र काढले. परतताना आमच्या मागून येणारी एक छोटी होडी ते पोते घेऊन पुन्हा दुकानाकडे जाताना मी पाहिली. ते नक्की तेच पोते होते असे मी शपथेवर सांगणार नाही. मदत करायचीच असेल तर ज्या गावात राहाल तेथे राहण्या-जेवणाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत आणि प्रेक तोआलच्या बायका जलपर्णीची देठे वाळवून ज्या चटया-टोपल्या विणतात त्यांतील एखादी विकत घ्यावी. ज्या जलपर्णीने होडीचा पंखा अडकतो तिचीच ही टोपली असते.

छायाचित्रांविषयी आपल्याला जे विचित्र वाटते ते वाटत राहू द्यावे. तरंगत्या घराला रस्त्याकडची बाजू म्हणजे पाण्याकडची बाजू, आणि उकाड्यामुळे ती उघडी असते. झोळीत झोपलेला म्हातारा, वेणी घालणारी मुलगी, दूरचित्रवाणीसमोर जेवणारे कुटुंब, सगळे होडीतून दिसते. चाळीच्या गॅलरीतून जाताना आपण जशी नजर सरळ ठेवतो तशी ठेवावी. ओळख झाली, बोलणे झाले, तर विचारून काढावे. मी दोन दिवसांत घरातल्या माणसांची चार छायाचित्रे काढली, आणि त्यांतील दोन त्यांनीच काढायला सांगितली. एक होते नव्या सौरपट्टीचे. पूर्वी दिव्यासाठी गाडीची बॅटरी होडीत घालून भारित करून देणाऱ्या दुकानात न्यावी लागे. आता छपरावर पट्टी आली, म्हणून तिच्याशेजारी उभे राहून सगळ्या घराला छायाचित्र हवे होते.

जावेच का, याचे उत्तर मी आपल्यावतीने देऊ शकत नाही. चाळीस मिनिटांसाठी जाणार असाल तर नाही गेलात तरी चालेल.

माझे वय अठ्ठ्याहत्तर. जाणे काही होणार नाही. पण एक सांगा, घर हलत असताना झोप लागते का हो?
*— एक आजी, डोंबिवली*

आजी, लागते. आमचे घर नदीच्या मुखाशी होते, त्यामुळे ते रात्रभर हलत राहत नव्हते. एखादी होडी इंजिन लावून गेली की थोड्या वेळाने तिची लाट येई, फळ्या एकामागून एक कुरकुरत, मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींना लागत आणि पुन्हा शांत होई. बाळासाठी बांधलेली झोळी मात्र त्यानंतरही बराच वेळ आपोआप झुलत राही. झोका द्यायला कोणी उठावे लागत नव्हते. मच्छरदाणी होती, तीत शिरल्यावर खालून पाण्याचा लप-लप आवाज उशीपाशी येई.

पहाटे चारच्या सुमारास मासेमारीला जाणाऱ्यांच्या होड्या निघाल्या तेव्हा मला जाग आली. त्यानंतर पाऊण तासाने एक बाई वल्हवत आली. तिच्या अरुंद होडीत मधोमध पेटलेली शेगडी, तिच्यावर रश्शाचे पातेले, बाजूला तांदळाच्या शेवया, पाल्याची टोपली आणि भांडी धुवायची बालदी. यजमानीणबाईंनी अंथरुणातूनच हाक मारून तिला थांबवले. दर वाढल्यावरून दोघींचे खिडकीतून बराच वेळ चालले. शेवटी वाडगे आत आले, आणि त्याबरोबर होडीवालीने मूठभर पाला फुकट टाकला.

फक्त परत आल्यावर सिएम रीपच्या खोलीत पहिली रात्र झोप लागली नाही. जमीन अगदीच स्थिर होती.